संदेशांची देवडी

बाजारपेठेत अडत्याचे स्थान मोठे विलक्षण असते. माल पिकवणारा तो नव्हे, वापरणाराही नव्हे. तरीही एकमेकांचे तोंड न पाहिलेली माणसे त्याच्या भरवशावर व्यवहार करतात. संगणकांच्या जगात संदेशांची अशी अडत चालवणाऱ्या यंत्रणेला ‘मेसेज ब्रोकर’ म्हणतात. ही यंत्रणा आणि सामान्य माणसाच्या हातातील ब्राउझर यांची गाठ कशी पडली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

त्यामागची कल्पना शेअरबाजाराच्या गरजेतून रुजली. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या ‘टेक्नेक्रॉन’ कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पेढ्यांसाठी ‘इन्फर्मेशन बस’ ही रचना सिद्ध केली. भाव कळवणाऱ्याने तो कोण घेणार याची चौकशी करायची नाही; ज्याला जो विषय हवा, त्याने त्या विषयाचे वर्गणीदार व्हावे, हे तिचे सूत्र होते.

१९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी हेच सूत्र तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी वापरले. निर्जन प्रदेशातील उपकरणांचे निरोप उपग्रहामार्फत येत आणि तो मार्ग महाग होता. म्हणून त्यांच्या ‘एमक्यूटीटी’ या पद्धतीत संदेशाचे अनिवार्य शीर्षक अवघ्या २ बाइटांचे ठेवले गेले. तिच्यात मृत्युपत्राचीही सोय आहे. उपकरण आपला अखेरचा निरोप ब्रोकरपाशी आधीच ठेवते. त्याचा संबंध अवचित तुटला, की ब्रोकर तो निरोप वर्गणीदारांना कळवतो.

ब्राउझरची प्रकृती मात्र निराळी होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत तो घडवला, तेव्हा मागितलेले पान आणून दाखवणे हे त्याचे मुख्य काम होते. विचारल्याशिवाय उत्तर नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे ताजी बातमी हवी असेल, तर त्याला पुनःपुन्हा विचारत राहावे लागे. डिसेंबर २०११मध्ये ‘वेबसॉकेट’ हे मानक प्रसिद्ध झाले आणि दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा कायमचा मार्ग खुला झाला. २०१४ साली मानक ठरलेल्या एमक्यूटीटीच्या आवृत्तीने याच मार्गावरून जाण्याची रीत नेमून दिली. अडत्याचा माल आता थेट ब्राउझरच्या दारात आला.

परंतु दार उघडले म्हणून घर नीट चालतेच असे नाही. त्याच सुमारास फेसबुकच्या पानावर न वाचलेल्या निरोपाचा आकडा दिसे आणि उघडून पाहावे, तर नवे काहीच नसे. एकच गोष्ट पानाचे अनेक भाग आपापल्या वहीत लिहीत होते, हे त्याचे कारण. त्यावर उपाय म्हणून २०१४ साली त्या कंपनीने ‘फ्लक्स’ ही रचना मांडली. पुढल्याच वर्षी डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांचे ‘रिडक्स’ आले. त्यात साऱ्या पानाची स्थिती एकाच खातेवहीत राहते आणि नोंदी करणाऱ्याने बाहेरच्या जगाशी बोलू नये, असा दंडक असतो.

मग बाहेरच्या ब्रोकरशी बोलायचे कोणी? हे काम ‘मिडलवेअर’कडे आले. वाड्याला जशी देवडी, तसे हे मिडलवेअर. ब्रोकरशी एकच संबंध जोडायचा, आलेल्या निरोपाला नोंदीचे रूप देऊन खातेवहीकडे धाडायचे आणि पानावरील इच्छा संदेशाच्या रूपात बाहेर पाठवायची, हे त्याचे कर्तव्य. एमक्यूटीटीच्या तीन सेवास्तरांपैकी ‘किमान एकदा’ या स्तरावर तोच निरोप दोनदा येऊ शकतो; तो देवडीवर ओळखला नाही, तर हिशेबात दुप्पट भर पडते.

याहून गंभीर धोका संबंध तुटण्याचा. रुग्णाच्या नाडीचे ठोके पडद्यावर पाहणाऱ्या परिचारिकेला जुना आकडाही ताज्याइतकाच खरा दिसतो. म्हणून निरोप येणे थांबले आहे, हीदेखील खातेवहीत नोंदवण्याजोगी स्थितीच होय. तेलवाहिनीवरील उपकरणासाठी ही काळजी १९९९ सालीच घेतली गेली होती. ब्राउझरच्या देवडीवरही तीच काळजी घेतली गेली, तरच पडद्यावरील आकड्यावर विसंबणे सुरक्षित ठरते.