कामगाराच्या रुपयाचे सोळा आणे

काटकसर हा गरिबाला उपदेश करण्याचा विषय आहे, अशी आपल्याकडे फार दिवसांची समजूत आहे. ज्याच्या घरी उधळपट्टीला वाव आहे त्याने, ज्याच्या घरी धान्य मोजून येते त्याला ‘अंथरूण पाहून पाय पसर’ म्हणून सांगावयाचे, हा रिवाजच पडून गेला आहे. अंथरूणच मुळी दोन वितींचे असेल तर पाय ठेवावयाचे कोठे, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. मित्रहो, मी आज उपदेश करणार नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या घरात महिन्याचा पगार कसा पुरविला जात होता, याचा जो लेखी पुरावा शिल्लक आहे तो तुमच्यापुढे मांडणार आहे. हा पुरावा कामगारांच्या पुढाऱ्यांनी नव्हे, तर त्या वेळच्या इंग्रज सरकारने गोळा केलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे कोणाला तो एकतर्फी वाटण्याचे कारण उरणार नाही.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईत धान्य आणि कापड यांचे भाव भडकलेले होते. १९१९ आणि १९२० साली गिरण्यांत सार्वत्रिक संप झाले. संपात कामगार म्हणत, पगार पुरत नाही. मालक म्हणत, पुरतो, पण यांना तो पुरविता येत नाही. दोघांपैकी खरे कोणाचे, हे ठरविण्यास सरकारजवळ आकडेच नव्हते. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडले आणि त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी हाती घेतली. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष यांचे हिशेब घेतले गेले, आणि १९२३ साली अहवाल छापून निघाला. एका वेतनविषयक तंट्याची कागदपत्रे जमविताना हा अहवाल प्रथम माझ्या हाती आला. इंग्रजी मी पत्रके वाचून वाचून शिकलेला माणूस. तो वाचावयास मला तीन आठवडे लागले. पण एखादी पोथी वाचावी तसा मी तो वाचला आहे.

त्यात एका कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै दिले आहे. हे एकट्या पुरुषाचे नव्हे. नवऱ्याची मजुरी, बायको कामाला जात असेल तर तिची, हाताशी आलेल्या पोराची, अशी सगळी मिळून ही रक्कम होते. खर्चाचे आकडे शेकडेवारीत आहेत: अन्न ५६.८, सरपण व दिवाबत्ती ७.४, कपडे ९.६, घरभाडे ७.७, आणि बाकी किरकोळ १८.५. शेकडेवारी वाचून घर डोळ्यांपुढे उभे राहत नाही, म्हणून मी तिचे आणे करून पाहिले. खर्चाच्या रुपयापैकी नऊ आणे पोटात गेले. सव्वा आणा चुलीत आणि चिमणीत गेला. सव्वा आणा खोलीच्या भाड्याला. दीड आणा अंगावरच्या कापडाला. उरले तीन आणे. या तीन आण्यांत गावी आईबापांना पाठवावयाची मनिऑर्डर, न्हावी, साबण, विडी-सुपारी, औषध, शाळेची पाटी, गावी जाण्यायेण्याचे भाडे, कोणाच्या घरी दारू आणि पुष्कळांच्या घरी व्याज. मौज अशी की काटकसरीचे व्याख्याते बोट ठेवीत ते नेमके या तीन आण्यांवर. नऊ आण्यांकडे कोणी पाहत नसे.

त्या नऊ आण्यांत काय येत होते, यावर अहवालाने जो निष्कर्ष काढला तो त्या काळी पुष्कळ गाजला. दुष्काळसंहितेत जे जास्तीत जास्त धान्य देऊ केलेले आहे तेवढे कामगार खातो. पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढे नेमून दिले आहे त्यापेक्षा ते कमी भरते. हे वाक्य सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालातले आहे. आशियातल्या मोठ्या कापडनगरीत दिवसाचे दहा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे ताट दुष्काळी कामावरच्या मजुराच्या ताटाएवढे होते. अशा ताटातून कोणता घास कमी करावयाचा होता?

आता हे ताट वाढणाऱ्या बाईकडे वळू. ९७ टक्के कुटुंबे एकेका खोलीत राहत. त्याच खोलीत चूल, तेथेच मोरी, तेथेच बाळंतपण आणि तेथेच आजारी माणसाचे अंथरूण. कोकणातून आलेल्याला भात हवा आणि घाटावरच्याला ज्वारीची भाकरी. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोघांच्याही घरी पेज आणि कण्या येत. बाजार संध्याकाळी उशिरा करावयाचा, कारण उरलेली भाजी तेव्हा भाव पाडून मिळते. ताजी मासळी परवडत नाही तेव्हा सुकट, जवळा, बोंबलाचा एखादा तुकडा. नवऱ्याचे धोतर विरले की त्याचे पोरांसाठी दोन धडपे, धडप्यांची पुढे वाकळ, वाकळीची शेवटी चुलीजवळची फडकी. अर्थशास्त्रज्ञाने शिकवावे असे या बाईला काही उरलेले नव्हते. एका बाबतीत मात्र तिचा इलाज चालत नसे. पोते घेणाराला धान्य स्वस्त पडते आणि आण्याचे तेल, दोन पैशांचे मीठ घेणाराला तेच महाग पडते. गरिबाला महाग घ्यावे लागते, कारण स्वस्त घेण्यापुरते पैसे त्याच्याजवळ एकदम कधी नसतात.

यातही सर्वांत मोठी मेख होती ती पगाराच्या तारखेत. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा. आणि तो हाती पडे पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान. अहमदाबादेत हप्त्याची पद्धत होती, मुंबईत नव्हती. एक तारखेला कामावर लागलेला माणूस पहिला पगार चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पाही. तोवर त्याने जेवावयाचे कोणाच्या धान्यावर? वाण्याच्या. वाण्याचे खाते उघडले की मग दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नाही, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारण्याची सोय नसते. माप हलके वाटले तरी बोलावयाचे नाही. म्हणजे कामगाराने महिनाभर मजुरी आधी करावयाची, पैसे मालकाने दीड महिन्याने द्यावयाचे, आणि मधल्या दिवसांचे व्याज कामगाराच्या बायकोने धान्याच्या भावातून भरावयाचे. मालकाला बिनव्याजी कर्ज देणारा सावकार गिरणगावात राहत होता, आणि तो स्वतः कर्जबाजारी होता.

कर्जाचा आकडाही अहवालात आहे. शंभरांत ४७ कुटुंबे कर्जात. कर्जाची रक्कम सामान्यतः अडीच महिन्यांच्या कमाईएवढी. आणि व्याजाचा रूढ दर महिन्याला रुपयास एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. आकडे अहवालातले, पुढचे त्रैराशिक माझे. ५२ रुपयांच्या घरावर अडीच महिन्यांचे कर्ज म्हणजे सुमारे १३० रुपये. सगळे कर्ज या दराचे धरले तर त्याचे नुसते व्याज महिन्याला आठ रुपयांच्या वर जाते. कमाईच्या रुपयामागे हे अडीच आणे झाले. मघाशी आपण तीन आणे किरकोळ म्हणून बाजूला काढले होते, ते आठवावे. न्हाव्यापासून औषधापर्यंत सगळ्यांस मिळून उरला अर्धा आणा. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर काठी घेऊन पठाण उभा असे, तो या अडीच आण्यांसाठी. मुद्दल तसेच राही.

गिरण्यांत त्या वेळी पाचांतील सुमारे एक कामगार बाई होती. बहुतेक वाइंडिंग-रीळिंगच्या खात्यांत. तिची मजुरी घरच्या हिशेबात मोलाची होती, पण तिचीही किंमत कोठेतरी मोजावी लागे. तान्हे मूल सांभाळावयास घरी कोणी नाही, म्हणून त्याला अफूची गोळी देऊन झोपवावयाचे आणि भोंग्याला हजर राहावयाचे. गिरण्यांतील बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यास सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ साली ही चाल किती सरसहा आहे ते नोंदवून ठेवले आहे. या गोष्टीसाठी कोणी त्या मातांना दोष देईल तर त्याने आधी रुपयाचे सोळा आणे पुन्हा मोजावेत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला.

पगाराच्या तारखेचा प्रश्न सुटावयास आणखी काही वर्षे गेली. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील कामगार कमिशनपुढे, ज्याचे ना. म. जोशी हे एक सभासद होते, देशभरची साक्ष झाली. आणि १९३१ च्या अहवालात कमिशनने लिहिले की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत. पुढे १९३६ साली वेतन देण्याविषयीचा कायदा झाला आणि १९३७ साली तो अमलात आला. हजारांहून कमी कामगार असतील तेथे सात तारखेच्या आत आणि इतरत्र दहा तारखेच्या आत पगार दिलाच पाहिजे, असे त्याने ठरविले. दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘डबल खाड्या’ची पद्धत होती, तीही त्याने मोडली. (दहा जणांनी मिळून नोटीस न देता काम सोडले तर मात्र आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची तरतूद त्यातच ठेवली होती. कायदे करणारे विसराळू नसतात.) या कायद्याने पगार एक पैनेही वाढविला नाही. पण वाण्याच्या वहीतले पाच-सहा दिवस त्याने कमी केले, आणि जी शिल्लक पन्नास व्याख्यानांनी पडली नसती ती पडण्याची निदान शक्यता निर्माण केली.

मधल्या काळात, १९३२-३३ साली, दुसरी पाहणी झाली होती. १,४६९ कुटुंबे, सरासरी उत्पन्न ५० रुपये १ आणा ७ पै. अन्नावरचा खर्च शेकडा ५६.८ वरून ४६.६ वर आलेला दिसतो. एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली असा नियम सांगितला होता की उत्पन्न वाढेल तसा अन्नाचा वाटा कमी होतो. तो नियम तोंडपाठ असलेला माणूस येथे लगेच म्हणेल की कामगार सुधारला. पण उत्पन्न वाढलेले नव्हते, दोन रुपयांनी उतरले होते. जगभरच्या मंदीने धान्य स्वस्त झाले होते, इतकेच. आणि घरभाड्याचा वाटा ७.७ वरून १२.८१ वर गेला होता. ताटातून वाचले ते पुष्कळसे खोलीच्या मालकाकडे गेले. १९३३-३४ चे वर्ष पायाभूत धरून मुंबईचा राहणीखर्चाचा निर्देशांक तयार झाला तो याच दुसऱ्या पाहणीवरून, आणि पुढे महागाई भत्ता त्या निर्देशांकाला बांधला गेला. चाळीतल्या बाईने सांगितलेला तेल-मिठाचा हिशेब अशा रीतीने हजारो पगारपत्रकांचा आधार झाला.

स्वातंत्र्यानंतर १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे माप ठरविले. एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एकके, डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे दर एककास २,७०० उष्मांकांचे अन्न. चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड. शिवाय भाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. दुष्काळसंहितेच्या ताटापासून येथवर येण्यास चौतीस वर्षे लागली. तीन एकके धरण्याचा हिशेब असा की पुरुषाचे एक, बाईचे पाऊण-एक आणि मुलांची कमी-अधिक. वाटीत शेवटी काय उरते, हे ज्याने घरी पाहिले आहे त्याला माहीत आहे की प्रत्यक्षात बाईचे एकक याहूनही लहान असे.

मापे ठरली तरी ती कोणाच्या हातात आहेत यावर पुष्कळ अवलंबून असते. १९६३ साली मुंबईच्या कामगार संघटनांनी तक्रार केली की बाजारात भाव चढत आहेत आणि निर्देशांक मात्र जागचा हलत नाही. सरकारने प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली, आणि निर्देशांक महागाई कमी दाखवीत होता ही गोष्ट समितीला मान्य करावी लागली.

राहता राहिली गोष्ट खानावळींची. गावी कुटुंब ठेवून आलेले गडी ज्या बायकांच्या घरी महिनेवारी जेवत, त्या बायकांचा हिशेब सगळ्यांत अवघड. जेवणारा पैसे देणार पगार झाल्यावर. वाणी मागणार आधी. वीस माणसांची उधारी एका बाईच्या डोक्यावर. माझ्या आईने अशी खानावळ चालविली आणि पंधरा जणांच्या भाकऱ्या ती तोंडी हिशेबाने करी, एकही जादा उतरत नसे. पण तिच्या नावावरचे कर्ज तिच्या हयातीत पुरते फिटले नाही. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली. त्यांनी बायकांना काटकसर शिकविली नाही. त्यांनी बायकांचे गट करून एकमेकींना जामीन ठेवले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच या बायकांनी वाण्याकडे रोखीने माल घेतला आणि घेताना भाव विचारला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, जेवणारे गडी गावी परतले आणि पुष्कळ खानावळींच्या चुली थंडावल्या; पण ज्या बायका बँकेच्या वहीवर सही करावयास शिकल्या होत्या, त्यांपैकी कित्येकींनी त्याच पातेल्यांत कचेऱ्यांत पाठवावयाचे डबे रांधावयास घेतले.