फादर ख्रिसमसची कुळकथा

नाताळच्या रात्री मुलांच्या पायमोज्यांत खाऊ-खेळणी ठेवून जाणारा शुभ्र दाढीचा वृद्ध आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु इंग्लंडचा हा फादर ख्रिसमस मुळात मुलांचा नव्हताच. १६१६ साली बेन जॉन्सनने त्याला राजदरबारच्या रंगमंचावर आणले, तेव्हा तो मोठ्यांच्या मेजवान्यांचा व गाण्याबजावण्याचा यजमान होता. पुढे प्यूरिटनांच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळचा सणच रद्द केला. मग या वृद्धाचा कैवार घेणाऱ्या पुस्तिका निघाल्या. एकीत शहराने झिडकारलेल्या त्याला डेव्हनचे शेतकरी आसरा देतात. १६५८ च्या दुसरीत त्याच्यावर खटला चालतो आणि तो निर्दोष सुटतो. १६६० मध्ये राजा परतला, तसा सणही परतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेहून सांताक्लॉजची कथा आली. धुराड्याची वाट, पायमोजे, खेळणी ही सारी त्याची. फादर ख्रिसमसने ते काम पत्करले. नाव मात्र आपलेच राखले. १९२० पासून टॉल्किन यांनी आपल्या मुलांना याच नावाने पत्रे लिहिली. मुले ज्याची वाट पाहतात, त्या वृद्धाला एके काळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले होते. लोकांनीच त्याला सोडवून आणले.