अंतराळ स्थानकावरून परतीचा प्रवास : कॅप्सूल पृथ्वीवर नेमकी कशी उतरते?

१५ जुलै २०२५. भारतीय वेळेनुसार दुपारचे तीन वाजले होते. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना घेऊन आलेली ‘ग्रेस’ नावाची ड्रॅगन कॅप्सूल अमेरिकेच्या सॅन डिएगोजवळ समुद्रात उतरली. चार पॅराशूट, पाण्यावर तरंगणारी काळवंडलेली कॅप्सूल आणि मग टाळ्या, हे दृश्य अनेकांनी थेट पाहिलं. पण त्यानंतर विचारले जाणारे प्रश्न दरवेळी तेच असतात. स्थानक जर एवढं जवळ, तर यायला जवळपास एक दिवस का लागला? कॅप्सूल जळून का जात नाही? आणि धडधाकट माणसांना उचलून का न्यावं लागतं? हे सगळं एका ठिकाणी समजून घेऊ.

थोडक्यात

- आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. वेग ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर. पृथ्वीभोवतीची एक फेरी दीड तासात.
- सध्या माणसांना स्थानकावरून परत आणणाऱ्या मुख्य कॅप्सूल तीन : रशियाची सोयूझ, अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीची ड्रॅगन आणि चीनच्या स्वतंत्र स्थानकासाठी वापरली जाणारी शेन्झोऊ.
- सोयूझ आणि शेन्झोऊ जमिनीवर उतरतात, ड्रॅगन समुद्रात.

अडचण उंचीची नाही, वेगाची

४०० किलोमीटर म्हणजे फार नाही. बेळगावहून मुंबईला जायचं तर यापेक्षा जास्त अंतर पडतं. खरा प्रश्न आहे तो वेगाचा. स्थानक आणि त्याला जोडलेली कॅप्सूल सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत असते. म्हणूनच ती खाली पडत नाही. उतरायचं तर हा वेग मोडावा लागतो.

सगळा वेग इंजिन उलटं चालवून कमी करायचा म्हटलं, तर प्रचंड इंधन वर न्यावं लागेल. ते परवडणारं नाही. म्हणून इंजिन फक्त सुरुवातीचा धक्का देतं. सोयूझमध्ये हे इंजिन साधारण पावणेपाच मिनिटं चालतं आणि वेग सेकंदाला जेमतेम १२८ मीटरने कमी होतो. म्हणजे एकूण वेगाच्या दोन टक्केसुद्धा नाही. पण तेवढ्याने कक्षा खाली झुकते आणि कॅप्सूल वातावरणात शिरते. बाकी ब्रेक लावायचं काम हवा करते, अगदी फुकटात. त्याची किंमत मोजावी लागते ती उष्णतेच्या रूपात.

परतीचे टप्पे

१. दार बंद, मग गळतीची तपासणी. अंतराळवीर प्रेशर सूट घालून कॅप्सूलमध्ये बसतात. स्थानक आणि कॅप्सूल यांच्यामधली दारं बंद होतात. हवा कुठून निसटत नाही ना, हे तपासल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

२. सुटका. कॅप्सूल स्थानकापासून हळूहळू दूर होते. सोयूझ त्यानंतर साधारण साडेतीन तासांत जमिनीवर असते. ड्रॅगनला बऱ्याचदा जास्त वेळ लागतो. सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये परतल्या तेव्हा १७ तास लागले, शुक्ला यांच्या वेळी २२ तासांहून अधिक. हा वेळ ‘प्रवासाचा’ नसतो, थांबण्याचा असतो. खाली पृथ्वीही फिरत असते. ठरलेली जागा कक्षेच्या बरोबर खाली यायला हवी, शिवाय तिथलं वारं आणि लाटा ठीक हव्यात.

३. ओझं टाकणं. सोयूझचे तीन भाग असतात. त्यातला फक्त मधला, घंटेच्या आकाराचा भाग माणसांसह परत येतो. पुढचा आणि मागचा भाग वेगळे होऊन वातावरणात जळतात. ड्रॅगनही आपला मागचा, सौर पॅनेल असलेला भाग सोडून देते. हा टप्पा महत्त्वाचा, कारण उष्णतारोधक कवच या भागांच्या आड झाकलेलं असतं.

४. आगीतून. साधारण १०० किलोमीटर उंचीपासून हवा जाणवायला लागते. ही उष्णता फक्त घासल्यामुळे येते असं अनेकांना वाटतं, पण मुख्य कारण वेगळं आहे. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून हवा भरली की पंप गरम होतो ना, तसंच. कॅप्सूलपुढची हवा बाजूला व्हायच्या आत दाबली जाते आणि भयंकर तापते. ड्रॅगनच्या बाहेर तापमान १९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. खालचं कवच मुद्दाम असं बनवलेलं असतं की त्याचा वरचा थर थोडा थोडा जळून निघून जातो आणि जाताना उष्णता सोबत नेतो. आत माणसं सुखरूप असतात. या काळात तापलेल्या वायूचं वेष्टण रेडिओ लहरी अडवतं आणि काही मिनिटं संपर्क तुटतो. नियंत्रण कक्षात तेव्हा शांतता असते ती याचसाठी.

कोनही नेमका लागतो. जास्त तिरपा म्हणजे खोल कोन झाला तर उष्णता आणि दाब दोन्ही वाढतात. फार उथळ झाला तर वेग पुरेसा कमी न होता कॅप्सूल ठरल्या जागेच्या कितीतरी पुढे जाते. कॅप्सूलचा वजनाचा मध्य थोडा एका बाजूला ठेवलेला असतो, त्यामुळे हवेत तिला थोडी उचल मिळते. तिला आपल्या अक्षाभोवती वळवून दिशा साधली जाते. सगळं सुरळीत असेल तर अंतराळवीरांना स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट भार जाणवतो. महिनोन् महिने वजनाशिवाय राहिलेल्या शरीराला तोही खूप असतो.

५. पॅराशूट. सोयूझचं मुख्य पॅराशूट सुमारे १००० चौरस मीटरचं असतं. ड्रॅगनमध्ये आधी दोन छोटी पॅराशूट साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर उघडतात, मग दोन किलोमीटरच्या आसपास चार मोठी.

६. टेकणं. ड्रॅगन ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने पाण्यावर येते. सोयूझ कझाकस्तानच्या गवताळ माळावर उतरते. जमिनीपासून एक मीटरपेक्षाही कमी अंतर राहिलं की खालची छोटी रॉकेट क्षणभर पेटतात. टीव्हीवर दिसणारा धुळीचा लोट त्यांचाच. तरीही दणका बसतोच, म्हणून प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने आसनाचा साचा आधीच बनवलेला असतो.

जेव्हा बिघडलं तेव्हा

सोयूझ ११, जून १९७१. जगातल्या पहिल्या अंतराळ स्थानकावर, सॅल्यूत १ वर, राहून आलेले हे पहिले तिघे : गिओर्गी दोब्रोव्होल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव्ह आणि व्हिक्टर पात्सायेव्ह. यानाचे भाग वेगळे होताना हवेचा दाब समान करणारा एक व्हॉल्व्ह अंतराळातच उघडला आणि आतली हवा निघून गेली. तिघांच्या अंगावर प्रेशर सूट नव्हते, कारण तीन माणसं सूटसह मावत नव्हती. कॅप्सूल आपोआप, अगदी व्यवस्थित उतरली. मदत पथकाने दार उघडलं तेव्हा आत तिघेही मृत होते. त्यानंतर सोयूझमध्ये दोघांनाच पाठवायला सुरुवात झाली आणि सूट सक्तीचा झाला. तिघांची सोय पुन्हा व्हायला १९८० उजाडलं. आज परतताना प्रत्येक जण सूट घालतो, त्यामागे हे तीन जीव आहेत.

सोयूझ टीएमए-११, एप्रिल २००८. मागचा भाग वेळेवर सुटला नाही आणि कॅप्सूल चुकीच्या बाजूने वातावरणात शिरली. शेवटी तो भाग तुटून गेला, पण कॅप्सूल दिशा न साधता सरळ कोसळत आली. शरीरावर आठ पटींहून जास्त भार आला आणि ती ठरल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे उतरली. युरी मालेन्चेन्को, पेगी व्हिटसन आणि दक्षिण कोरियाच्या यी सो-यॉन तिघेही वाचले. याच पेगी व्हिटसन २०२५ मध्ये शुक्ला यांच्या मोहिमेच्या कमांडर होत्या.

स्टारलायनर, २०२४. बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स ५ जून २०२४ रोजी साधारण आठवडाभरासाठी निघाले. यानात हेलियम गळती झाली, काही थ्रस्टर बंद पडले. नासाने ऑगस्टमध्ये ठरवलं की यान रिकामं परत आणायचं. सप्टेंबरमध्ये ते न्यू मेक्सिकोत नीट उतरलंही. मग माणसं का नाही बसवली, असं तेव्हा विचारलं गेलं. उत्तर सोयूझ ११ मध्ये आहे : कॅप्सूल नीट उतरली याचा अर्थ आतली माणसं नीट आली असा होत नाही, आणि धोका किती हे आधी सांगता येत नसेल तर थांबलेलं बरं. पुढची ड्रॅगन चारऐवजी दोघांनाच घेऊन वर गेली, दोन आसनं यांच्यासाठी रिकामी ठेवून. त्याच ड्रॅगनमधून १८ मार्च २०२५ रोजी (आपल्याकडे १९ च्या पहाटे) दोघे फ्लोरिडाजवळ उतरले, २८६ दिवसांनी.

शेन्झोऊ-२०, नोव्हेंबर २०२५. चीनच्या तीन अंतराळवीरांच्या परतीच्या कॅप्सूलच्या खिडकीला तडे दिसले. अवकाशातल्या कचऱ्याचा बारीक तुकडा लागला असावा, असा अंदाज होता. परतणं पुढे ढकललं गेलं. शेवटी ते १४ नोव्हेंबरला नव्याने आलेल्या शेन्झोऊ-२१ मधून खाली आले. त्यामुळे वर राहिलेल्या तिघांकडे भरवशाची कॅप्सूल उरली नाही. महिना संपायच्या आत रिकामं शेन्झोऊ-२२ त्यांच्यासाठी पाठवावं लागलं.

उचलून का नेतात?

ते आजारी असतात म्हणून नव्हे. वजन नसलेल्या अवस्थेत रक्त आणि पाणी शरीराच्या वरच्या भागाकडे सरकतं आणि तोल सांभाळणारी आतल्या कानातली यंत्रणा वेगळ्याच सवयीची होते. खाली आल्यावर एकदम उभं राहिलं तर चक्कर येते, उलटी होते. त्यामुळे खुर्चीत किंवा स्ट्रेचरवरून नेणं ही ठरलेली पद्धत आहे. वर असताना रोज सुमारे दोन तास व्यायाम केला नाही, तर हाडांची घनता महिन्याला एक टक्का किंवा जास्त कमी होऊ शकते. लांब मुक्कामानंतर नासाचा ४५ दिवसांचा पूर्ववत होण्याचा कार्यक्रम असतो.

भारताचं काय?

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ मधून सॅल्यूत ७ वर गेले आणि ११ एप्रिलला दुसऱ्याच यानातून, सोयूझ टी-१० मधून, कझाकस्तानात उतरले. शर्मा आणि शुक्ला, दोघेही पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी.

स्वतःची कॅप्सूल परत आणायचा सराव इस्रो बरीच वर्षं करते आहे. जानेवारी २००७ मध्ये एसआरई-१ ही छोटी कॅप्सूल कक्षेतून बंगालच्या उपसागरात उतरवली गेली. डिसेंबर २०१४ मध्ये माणसं नेण्याइतक्या मोठ्या कॅप्सूलची चाचणी झाली. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानच्या आणीबाणीतल्या सुटकेची चाचणी झाली आणि नौदलाने समुद्रातून कॅप्सूल बाहेर काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅप्सूल हवेतून खाली सोडून पॅराशूटची परीक्षा घेतली गेली. गगनयानही समुद्रातच उतरणार आहे.

बातमीत हे शब्द आले तर

- अनडॉकिंग : स्थानकापासून सुटणं.
- डीऑर्बिट बर्न : कक्षा मोडण्यासाठी इंजिन उलटं चालवणं. यानंतर मागे फिरता येत नाही.
- ब्लॅकआउट : तापलेल्या वायूमुळे संपर्क तुटण्याची काही मिनिटं. ही अपेक्षित असतात.
- बॅलिस्टिक उतरण : दिशा न साधता सरळ खाली येणं. त्रासदायक, पण जीव वाचवणारी राखीव पद्धत.
- स्प्लॅशडाऊन : पाण्यावर उतरणं.

आणखी एक. ‘अंतराळवीर वर अडकले’ अशी बातमी वाचली की एवढंच बघायचं : त्यांच्या नावाची जागा असलेली, तपासलेली कॅप्सूल स्थानकाला जोडलेली आहे का? असेल, तर ते थांबले आहेत. नसेल, तर मात्र काळजीची बातमी आहे.