क्लाउडमधला सर्व्हर चालू, पण उत्तरच येईना! स्टॅटिक रूट म्हणजे काय?

समजा, वाशिममधल्या एका पतसंस्थेने हिशेबाचा सर्व्हर क्लाउडवर हलवला. जून २०१६ मध्ये सुरू झालेल्या अॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये. ऑफिस आणि क्लाउड व्हीपीएनने जोडले. टनेल चालू, सर्व्हरही चालू, तरी काउंटरवर खातं उघडेना. रांग वाढते आणि सगळे इंटरनेटला दोष देतात. पण चूक बऱ्याचदा रूट टेबलमध्ये असते.

मालेगावच्या चौकात अकोल्याला कुठून, मेहकरला कुठून हे पाटी सांगते. रूट टेबल म्हणजे डेटासाठी अशीच पाटी. ती माणसाने हाताने लिहिली की झाला स्टॅटिक रूट. राउटर एकमेकांकडून वाटा शिकतात, ते डायनॅमिक रूटिंग. क्लाउडमध्ये राउटरचा डबा दिसत नाही, पाटी मात्र लागतेच.

आता आपल्या पतसंस्थेकडे येऊ. क्लाउडमधलं नेटवर्क १०.०.०.०/१६, म्हणजे ६५,५३६ पत्ते. ऑफिसचं १९२.१६८.१०.०/२४, म्हणजे २५६. ऑफिसच्या राउटरला क्लाउडची वाट माहीत आहे, त्यामुळे विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते. उत्तर परत यायचं तर सर्व्हरच्या बाजूलाही ऑफिसची वाट लिहिलेली हवी. तिथे फक्त ०.०.०.०/०, म्हणजे 'बाकी सगळं', इंटरनेट गेटवेकडे पाठवलेलं असेल, तर उत्तरही तिकडेच जातं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात, इंटरनेटवर त्यांना वाट नाही. उत्तर तिथेच हरवतं.

उपाय एका ओळीचा: सर्व्हरच्या सबनेटला जोडलेल्या रूट टेबलमध्ये १९२.१६८.१०.०/२४ साठी व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवे लिहायचा. 'बाकी सगळं' वाली ओळ काढायची गरज नाही, कारण दोन ओळी जुळल्या तर जास्त नेमकी ओळ जिंकते. व्हीपीएन स्टॅटिक प्रकारचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही ऑफिसची हीच रेंज द्यावी लागते. आणि ओळ भलत्याच टेबलमध्ये लिहिली जात नाही ना, हेही बघा. ही चूक फार होते.

कधी रूटसमोर 'ब्लॅकहोल' असा शेरा दिसतो. म्हणजे पाटी आहे, पण ती दाखवते तो गेटवे किंवा सर्व्हर कुणीतरी डिलीट केलाय.

सगळ्यात महागात पडते ती रेंजची टक्कर. १९२.१६८.१.० ही रेंज कित्येक वायफाय राउटरवर आधीपासूनच असते. रिसोड आणि कारंजा, दोन्ही शाखांत तीच राहिली, तर उत्तर नेमकं कोणत्या शाखेला पाठवायचं हे टेबलला कळणार नाही. शाखेची रेंज बदलता तरी येते. अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये मात्र नेटवर्कची मूळ रेंज नंतर बदलता येत नाही. नवं नेटवर्क उभारून सर्व्हर तिकडे न्यावे लागतात.