पार्वतीचे गोंड

कथेची चर्चा करणाऱ्या मंडळींच्या तोंडी हल्ली ‘जादुई वास्तववाद’ हा शब्द फार येतो. मूळ तो चित्रकलेतला. १९२५ साली फ्रान्झ रो या जर्मन टीकाकाराने तो वापरला आणि १९६७ मध्ये गार्सिया मार्केसची कादंबरी निघाल्यावर तो जणू कथालेखकांचाच झाला. तिच्यात एक मुलगी चादरींच्या घड्या घालता घालता आकाशात निघून जाते, आणि घरातली एक बाई हळहळते ती चादरी गेल्याबद्दल! आपण चकित होतो. झाडीपट्टीतला गोंड म्हातारा बहुधा होणार नाही, कारण त्याच्याकडची गोष्ट याहून जुनी आणि याहून खट्याळ आहे.

गोंड जन्माला आले, डोंगरभर पसरले. मिळेल ते खात, आंघोळीचे नाव घेत नसत. त्यांचा वास महादेवाला सोसवेना. त्याने अंगाच्या मळाची एक खार केली आणि ती सोडून दिली. काठ्या-धोंडे घेऊन सगळे गोंड तिच्यामागे धावले. खार बिळात शिरली, तेही शिरले, आणि देवाने तोंडावर शिळा लोटली. चौघे तेवढे बाहेर राहिले. पुढे महिने गेले आणि पार्वतीला चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले. आपले गोंड दिसत नाहीत, त्यांचा वासही येत नाही! ती तपालाच बसली.

परधानांनी किंगरीवर गात जपलेली ही कथा नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मिळवली. १८६३ मध्ये ते ओढ्यात बुडून वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली, म्हणून ती आपल्या हाती आली.

घाणेरडे, काहीही खाणारे, ही दूषणे गोंडांना शेजाऱ्यांनीच दिलेली असणार. सरळ प्रतिवाद केला असता तर कोणी ऐकला असता? कथा दूषण नाकारीत नाही. ती मुकाट्याने ते देवाच्या तोंडी घालते आणि मग देवाच्याच बायकोला त्या वासासाठी झुरायला लावते. मला तर वाटते, एवढा सभ्य सूड आमच्या नामवंत कथाकारांनाही साधलेला नाही.

छापील पाठात सुटका होते ती लिंगोमुळे. तो महादेवाने मागितलेली बिंदो पक्ष्याची पिले आणून देतो, तेव्हा शिळा हलते. म्हणजे सुटका देवाच्या मर्जीने. पण गोंड समाज ती गुहा म्हणून ज्या कचारगडाकडे बोट दाखवतो, तिथे आज वेगळे सांगतात. दरेकसा स्टेशनजवळच्या या डोंगरात प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख भंडाऱ्यातच होता. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड येतात. तिथल्या कथेत कोंडलेली आहेत ती काली कंकालीची मुले. हिरासुका पाटालीर वाद्य वाजवतो, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ येते, आतून ती आणि बाहेरून तो रेटतात. दगड घरंगळतो आणि हिरासुका त्याखाली चिरडून मरतो. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी हीच परंपरा ग्रंथरूपाने मांडली.

यांतली खरी कोणती, असे विचारणारे पंडित भेटतात. मला त्या दोहोंमधले अंतर मोलाचे वाटते. शिळा तीच, पण एकेकाळी देवाला प्रसन्न करून सुटणारी माणसे आता आपल्यातल्याच एका वाजवणाऱ्याच्या जिवावर सुटतात. वाद्य जुन्या पाठातही आहे बरे का! लिंगो झाडावर बसून ते वाजवतो, आणि विस्तवाचा राखणदार म्हातारा रिकाड गवडी राग विसरून बायकोसकट नाचू लागतो.