सेवापुस्तकातील वय आणि गळ्यातील वय

जन्मतारखेची एक नोंद माणसाच्या आयुष्याला कसे वळण लावते, हे सरकारी सेवेत मुरलेल्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. अमेरिकेतील ब्लूज या गानप्रकाराच्या इतिहासातही अशी एक नोंद आम्हांस आढळते.

अल्बर्टा हंटर यांचा जन्म १८९५ साली मेम्फिस येथे झाला. कोवळ्या वयात घर सोडून त्या शिकागोस गेल्या व तेथील गुत्त्यांतून गाऊ लागल्या. लव्ही ऑस्टिन यांच्यासह रचलेले ‘डाउनहार्टेड ब्लूज’ हे गीत त्यांनी १९२२ साली ध्वनिमुद्रित केले. पुढल्याच वर्षी तेच गीत गाऊन बेसी स्मिथ यांनी अफाट कीर्ती मिळविली. १९२८ साली लंडनच्या रंगभूमीवर ‘शो बोट’मध्ये पॉल रोबसन यांच्यासमवेत बाईंनी भूमिका केली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी संच घेऊन त्या चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान आघाडीवरही येऊन गेल्या.

आईच्या निधनानंतर मात्र त्यांनी रंगमंच सोडला. साठी उलटलेली, या वयात शुश्रूषेचे शिक्षण कोण देणार? बाईंनी कागदावर १२ वर्षे कमी केली आणि न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात सुमारे २० वर्षे परिचारिकेची नोकरी केली. १९६१ मधील थोडे ध्वनिमुद्रण वगळता हा काळ गाण्यावाचून गेला. १९७७ साली, सत्तरी झाली म्हणून, त्यांस नियमानुसार निवृत्त करण्यात आले. खरे वय होते ८२!

त्याच वर्षी ग्रीनिच व्हिलेजमधील ‘कुकरी’ या उपाहारगृहात त्या पुन्हा गाऊ लागल्या. बेसी स्मिथ यांचे १९३३ मधील अखेरचे ध्वनिमुद्रण करविणारे जॉन हॅमंड यांनीच आता बाईंच्या तबकड्या काढल्या. त्यांपैकी १९८० ची ‘अ‍ॅमट्रॅक ब्लूज’ आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. आगगाडी हा ब्लूजचा जुना विषय. १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रवासी रेल्वेचे नाव घेऊन तो येथे नव्याने अवतरला आहे. साथीस जेराल्ड कुक यांचा पियानो, डॉक चीटम यांचा ट्रंपेट, विक डिकन्सन यांचा ट्रॉम्बोन. बाईंचा गळा रुंद आणि खरखरीत. उंच स्वरांचा हव्यास नाही, शब्द मात्र ठसठशीत. चावट गीत आले की आपल्या लावणीतील सूचकता आठवावी. पैसा सरल्यावर ओळख विसरणाऱ्या जगाचे गीत आले तर त्यात कीव मागणे औषधालाही नाही.

रसिक यास पुनरागमनाचा चमत्कार म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. दुःख सांगताना आवाज न चढविण्याचा जो संयम येथे ऐकू येतो, तो रुग्णांच्या उशाशी काढलेल्या वर्षांनीच पोसला असावा. नोकरीने गाणे थांबविले खरे, परंतु गाण्यास लागणारे जगणे थांबविले नाही. बाई १९८४ साली वारल्या. परप्रांतांतील बदल्यांच्या धबडग्यात आमच्यांपैकी कित्येकांची पेटी आणि लेखणी धूळ खात पडली आहे. त्यांनी निवृत्तीची वाट न पाहता ही तबकडी एकदा अवश्य ऐकावी.