कापूसभाव, आंतरराष्ट्रीय (मराठवाड्याच्या संदर्भात)

जगाचा कापूसभाव मुख्यतः न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, सेंट प्रति पौंड या मापात ठरतो. तो रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा भाव असतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला शेतकरी सरकीसकट कापूस क्विंटलवर विकतो, तर जिनिंगवाला रुई 356 किलोंच्या खंडीवर. या तीन मापांची सांगड घातल्याशिवाय भावाची चर्चा व्यर्थ आहे.

उदाहरणादाखल, न्यूयॉर्कला 80 सेंट आणि डॉलर 85 रुपये धरला, तर रुई किलोला सुमारे 150 रुपये, खंडीला 53,300 पडते. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई आणि 64 किलो सरकी निघते, बाकी घट. रुईचे 5,100 झाले. सरकी 35 रुपये किलोने गेली तर तिचे 2,240. यातून जिनिंग, वाहतूक आणि नफा वजा जाऊन जिनिंगच्या गेटवरचा भाव निघतो. न्यूयॉर्कला एक सेंट हलला की क्विंटलमागे साधारण 64 रुपयांचा फरक पडतो. सरकीचा हिस्सा मात्र तिथे दिसतच नाही. तो तेलाच्या आणि जनावरांच्या ढेपेच्या मागणीवर चालतो, आणि रुई मंदीत असताना कापसाला बऱ्याचदा तोच सावरतो.

रुईचा भाव हलवणारी कारणे बहुतेक दूरची : टेक्सासमधला दुष्काळ, ब्राझीलचे वाढते पीक, चीनची खरेदी, खनिज तेलाबरोबर स्वस्त-महाग होणारे पॉलिस्टर. मार्च 2011 मध्ये भाव पौंडाला दोन डॉलरवर गेला होता. मे 2022 मध्ये तो दीड डॉलरवर पोचला; देशात खंडीने लाखाचा आकडा ओलांडला. त्या हंगामात क्विंटलला दहा हजारांपुढे दर मिळाले, म्हणून पुढल्या वर्षी अनेकांनी कापूस विकलाच नाही. घराच्या खोल्या आढ्यापर्यंत भरल्या. उन्हाळ्यापर्यंत भाव उतरला, कापूस वाळून वजन घटले, आणि त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या.

जागतिक भाव आणि गेटवरचा भाव यांच्यामध्ये सरकार उभे असते. 1972 पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेतकऱ्याला दुसरीकडे विकायची मुभाच नव्हती. आता हमीभाव आणि आयात शुल्क ही दोन साधने आहेत. 2021 पासून आयातीवर 11 टक्के शुल्क लागले. ऑगस्ट 2025 मध्ये ते काढले आणि सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी नवा कापूस बाजारात येण्याच्या काळात. सूतगिरण्यांना याने दिलासा मिळाला. शेतकऱ्याच्या पदरात काय पडले हे उघड आहे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला 8,110 रुपये होता, पण भारतीय कापूस महामंडळ ओलावा 12 टक्क्यांवर असलेला माल घेत नाही. पावसात भिजलेली पहिली वेचणी त्यामुळे खेडा खरेदीच्या, म्हणजे गावातच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाते, कारण वेचणीची मजुरी तर रोखच द्यावी लागते.